सेप्सिसमधून नाना वाचले, पण अंगाला त्याची 'आठवण' राहते म्हणजे नेमकं काय?

सुकीकाठ
राम राम मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवडाभर आधी वडिलांना केळीची जुनी पानं कापताना विळा पायाला लागला. आम्ही त्यांना नाना म्हणतो. वय ६८, साखर पंधरा वर्षांपासून. हळद भरली, फडकं बांधलं आणि पुन्हा बागेत गेले. तिसऱ्या दिवशी पोटरीपर्यंत सूज आली, चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप. पाचव्या दिवशी पहाटे ते मला माझ्या वारलेल्या आत्याच्या नावाने हाका मारायला लागले. गाडी करून जळगाव गाठलं. सेप्सिस, बीपी लागत नव्हतं, १७ दिवस आयसीयू, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर. घरी आले तेव्हा अख्खी गल्ली बघायला जमली होती.

खरी गोष्ट त्यानंतरची. दिवाळीत न्यूमोनिया. संक्रांतीला लघवीचा संसर्ग, पुन्हा चार दिवस भरती. होळीच्या सुमारास पाठीवर नागीण. ज्या माणसाला वर्षातून एखादी सर्दी व्हायची, त्याचं हे असं. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जीन्स तेच आहेत, पण त्यांच्यावरच्या खुणा बदलल्यात. सूज फार मोठी होती, पेशींना ती अजून आठवते." बाहेर चाळीस पेशंट बसलेले, पुढचा नंबर पुकारला गेला आणि माझा प्रश्न घशातच राहिला.

ही आठवण म्हणजे काय? ती पुसता येते का? आई रोज गुळवेलीचा काढा देतेय, तो चालू ठेवू का? गावात तर बाहेरचं झालंय म्हणतात, त्याचा नानांना फार त्रास होतो.

गिरणाई
नानांना नमस्कार सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं होतं ना? वाचतेय.

सुकीकाठ
हो ताई, तिसऱ्या दिवशी गावातच घेतलं होतं.

पेशीवाचक
सुकीकाठ, तुमच्या डॉक्टरांनी अगदी नेमकं सांगितलंय. मी मूळची अमळनेरची, आता पुण्यात पेशींवरच काम करते. जमेल तसं उलगडते.

जिनिंग-प्रेसिंगमधली कापसाची गाठ आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेली असते. १७० किलो कापूस दाबून पट्ट्या मारलेला. कापूस तोच, पण पट्ट्या तोडून तो मोकळा केल्याशिवाय त्याचं सूत निघत नाही. पेशीतल्या डीएनएचं तसंच आहे. एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे २ मीटर भरतो. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो: आठ हिस्टोनांचा एक गोळा आणि त्याभोवती १४७ अक्षरांचा धागा, पावणेदोनच्या आसपास वेढे. असे कोट्यवधी गोळे. जिथे गुंडाळी सैल, तिथला जीन वाचला जातो. जिथे ती घट्ट, तिथला जीन असून नसल्यासारखा.

सैल-घट्ट कोण ठरवतं? हिस्टोनांच्या शेपट्यांवर लागणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा. ॲसिटिल लागला की वीण सैल होते. मिथाइल कुठे लागलाय त्यावर अर्थ बदलतो, एका जागी तो 'हे उघडं आहे' सांगतो, दुसऱ्या जागी कुलूप असतो. अक्षर एकही बदलत नाही. जीनच्या वरच्या या कारभाराला एपिजेनेटिक्स म्हणतात. शब्द वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये रूढ केला, तेव्हा डीएनएची रचनासुद्धा कळलेली नव्हती.

आता नानांचा पाय. जंतू रक्तात शिरले की मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या पहारेकरी पेशी त्यांच्या भिंतीचे तुकडे ओळखतात. तासाभरातच टीएनएफ, आयएल-६ अशा सूज वाढवणाऱ्या जीन्सवरच्या गाठी सुटतात आणि रसायनांचा पूर येतो. जखमेपुरता तो औषधासारखा, सगळ्या अंगभर आला की बीपी कोसळतं, मूत्रपिंड बसतं, माणूस भ्रमतो. सेप्सिसमध्ये जंतूंइतकंच हे आपलंच उत्तर घातक ठरतं. २०१६ च्या व्याख्येतही तेच धरलंय: संसर्गाला शरीराने दिलेलं बेताल उत्तर आणि त्यामुळे अवयव निकामी होणं.

हा पूर असाच चालू राहिला तर माणूस दोन दिवसांत जाईल. म्हणून पेशी स्वतःच त्या जीन्सवर कुलुपं लावतात. टीएनएफच्या जीनवर हिस्टोन एच-३ च्या नवव्या लायसिनवर, म्हणजे शेपटीतल्या एका ठरावीक जागी, मिथाइल चढतो आणि गुंडाळी आवळली जाते. म्हणजे कुलूप जीव वाचवण्यासाठीच लागलेलं असतं. अडचण अशी, की आग विझली तरी ते लगेच निघत नाही. दिवाळीत नानांच्या फुफ्फुसात जंतू आले तेव्हा पहारेकरी जागेवर असणार, पण अर्धे गप्प.

केळीवाला
ताई, गाठीचं उदाहरण डोक्यात बसलं. जिनिंगमध्ये दोन हंगाम काढलेत मी.

लोको_शेड
सगळं वाचलं. ताई मनापासून लिहितात हे दिसतं, तरी मी असहमत. मी रेल्वेतून निवृत्त, डॉक्टर नाही, पण वाचतो. नानांचं वय ६८. साखर पंधरा वर्षांची. १७ दिवस अंथरुणावर, लघवीची नळी, वजन उतरलेलं. असा माणूस सहा महिने आजारी पडणारच, त्याला जीनवरच्या खुणा कशाला हव्यात? एपिजेनेटिक्सच्या नावाखाली हल्ली 'तुमचे जीन्स जागे करा' म्हणत चूर्णं विकतात, त्याची मला जास्त भीती वाटते.

आणि एक सरळ प्रश्न. मोनोसाइट रक्तात दोन-तीन दिवस जगते असं वाचलंय. मग पोळ्याच्या पेशी होळीला कुठून येणार? मेलेल्या पेशीची आठवण कशी राहील?

पेशीवाचक
दादा, दुसरा प्रश्न या विषयाच्या अगदी गाभ्यावर हात ठेवतो. आधी पहिल्याचं बोलू.

नानांच्या एका न्यूमोनियावर बोट ठेवून 'हा खुणांमुळे' असं कोणीच सांगू शकत नाही. साखर आणि वय आहेतच. पण हाच संशय घेऊन अमेरिकेत ६५ च्या वरच्या लोकांची तुलना झाली. सेप्सिस झालेले एकीकडे. त्याच वयाचे, तितकेच आजारी, पण सेप्सिस न झालेले दुसरीकडे. २०१६ मध्ये निष्कर्ष आला, की सेप्सिसमधून वाचलेल्या पाचांतल्या एकाहून जास्त लोकांचा पुढे झालेला मृत्यू आधीच्या तब्येतीने समजावता येत नाही. सेप्सिस स्वतःच मागे काहीतरी ठेवून जातो.

आता मेलेल्या पेशींची आठवण. मोनोसाइट अल्पायुषी हे बरोबर. पण त्या तयार होतात अस्थिमज्जेत, मूळ पेशींपासून, आणि खुणा तिथेही लागतात. रोपवाटिकेतलं रोपच बदललं तर शेतातलं पीक कितीदा काढलं तरी नवं पीक तसंच येणार. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी कोरोनाने गंभीर आजारी होऊन बरे झालेल्यांचं रक्त तपासलं. मोनोसाइट आणि त्यांच्या मूळ पेशी, दोन्हींमध्ये बदललेल्या खुणा वर्षभरापर्यंत सापडल्या, आणि त्यामागे आयएल-६ चा हात दिसला. तिथे पेशी गप्प होण्याऐवजी जास्त तापट झालेल्या होत्या, हेही सांगते. आठवण दोन्ही दिशांना राहू शकते.

लोको_शेड
मज्जेचं पटलं. पाचांतला एक हा आकडा मला माहीत नव्हता, मी माझं म्हणणं तेवढं मागे घेतो. चूर्णांबद्दलचं मात्र घेत नाही.

वॉर्डातली_ताई
धुळ्यात आयसीयूमध्ये परिचारिका आहे, १४ वर्षं. वरचं वाचताना एकेक बेड डोळ्यासमोर आले.

पहिल्या चार-पाच दिवसांत आम्ही आग विझवत असतो. सलाइन, बीपी वर ठेवणारं औषध, शक्य तितक्या लवकर अँटिबायोटिक. नातेवाइकांना वाटतं हे दिवस काढले की जिंकलं. पण आम्ही दुसऱ्या आठवड्यालाही तितकंच घाबरतो. ताप उतरलेला, माणूस डोळे उघडतोय आणि अचानक फुफ्फुसात असा जंतू निघतो जो धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. रक्तात कँडिडा बुरशी. ओठांवर, अंगावर जुने विषाणू पुन्हा उठतात. नागीण यातलीच. लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हापासून तो विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दडून असतो, पहारा ढिला पडला की बाहेर येतो. सुकीकाठ ताई, नानांना सांगा बाहेरचं काही नाही, जे होतं ते साठ वर्षं आतच होतं.

पहारा किती ढिला पडलाय हे मोठ्या ठिकाणी मोजताही येतं. मोनोसाइटच्या अंगावर एचएलए-डीआर नावाचं एक ताट असतं, त्यावर जंतूचा तुकडा ठेवून ती दुसऱ्या पेशींना दाखवते, 'याला ओळखा'. सेप्सिसमध्ये ही ताटं कमी होतात. ज्यांची दिवसेंदिवस कमीच राहतात त्यांना नवे संसर्ग जास्त होतात. आमच्याकडे ही तपासणी होत नाही, आम्ही चेहऱ्यावरून ओळखतो.

स्टिरॉइडचंही लिहिते, कारण कोरोनात सगळ्यांनी ते नाव ऐकलं. डेक्सामेथासोनने २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. ते काम कसं करतं हे नंतर एका व्याख्यानात कळलं: ॲसिटिल काढणारं एन्झाइम सुजेच्या जीन्सपाशी नेऊन गाठ पुन्हा आवळतं. म्हणजे पेशीवाचक ताई सांगतात तेच. ते ऐकल्यावर २०२१ चा उन्हाळा आठवला. साखर वाढलेली, स्टिरॉइड जास्त दिवस चाललेलं आणि नाकातून डोळ्याकडे चढणारी काळी बुरशी. आपल्या गावच्या एका मास्तरांचा डोळा काढावा लागला, ड्रेसिंग मी करत होते. तेच कुलूप एकाला तारतं आणि जास्त दिवस राहिलं तर दुसऱ्याला बुडवतं, हे मी हातांनी पाहिलंय.

गिरणाई
ताई, वाचताना अंगावर काटा आला. तुम्हा लोकांचे उपकार आहेत.

केळीवाला
थोडं अवांतर. पेशीवाचक ताईंनी रोपवाटिका म्हटलं म्हणून. रावेरकडे आम्ही टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली केळीची रोपं लावतो, ग्रँड नैन जातीची. सगळी एकाच मातेची, मग शंभरात दोन-चार खुजी किंवा वेगळ्याच पानांची का निघतात? हाही खुणांचाच खेळ का?

पेशीवाचक
काही रोपांत अक्षरंच बदलतात, काहींत खुणा. खुणांचं सगळ्यात पक्कं उदाहरण तेलताडाचं. मलेशियात उत्तम झाडांची टिश्यू कल्चर रोपं लावली, आणि काही झाडांना वर्षांनंतर फळं धरली तेव्हा ती वेडीवाकडी, तेल जवळजवळ नाही. २०१५ मध्ये कारण सापडलं: एका जीनमधल्या तुकड्यावरचा मिथाइल प्रयोगशाळेत वाढताना पुसला गेला होता. डीएनए शब्दशः तोच.

केळीवाला
म्हणजे रोप दिसायला चांगलं आणि घड निसवला की कळणार. आमचं दुःख तेच आहे ताई. असो, नानांकडे वळा.

धडगावकर_मास्तर
मीही जरा बाजूचं लिहितो, पण ते सेप्सिसकडेच येतं. आमच्या सातपुड्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार फार. या मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होते, आणि रक्तातले न्यूमोकॉकस जंतू गाळून मारण्याचं मोठं काम तिचंच असतं. सकाळी साधा ताप, संध्याकाळी पोर निपचित. एक मुलगी मी शाळेतून उचलून नेली होती, वाचली. सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने हे संसर्ग ८४ टक्के कमी होतात हे १९८६ मध्येच सिद्ध झालंय. १ जुलै २०२३ ला देशाचं सिकलसेल अभियान सुरू झालं, तेव्हापासून शाळेत तपासण्या वाढल्यात, पण तापाला घाबरायचं हे घराघरात सांगावं लागतं. भगताकडे आधी, दवाखान्यात नंतर, हा क्रम बदलायला मला वीस वर्षं लागली. अजून पूर्ण बदललेला नाही.

पेशीवाचक
मास्तर, तुम्हाला साष्टांग. आणि तुमचा विषय बाजूचा नाहीच. जन्माआधीचं हिमोग्लोबिन बनवणारा जीन जन्मानंतर बंद होतो, तोही अशाच कुलुपांनी. सिकलसेलमध्ये ते जुनं हिमोग्लोबिन परत चालू झालं तर त्रास कमी होतो. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध ते वाढवतं.

पांझराकाठ
भाऊ-ताई, हाई समदं वाचं. कापूसनी गाठ डोकामा बसनी. आते माले सांगा, ह्या खुना पोरेस्ले लागतस का?

पेशीवाचक
पांझराकाठ भाऊ, नही लागतस. बीजांड आणि शुक्राणू तयार होताना आणि गर्भाच्या अगदी सुरुवातीला बहुतेक खुणा पुसून पाटी कोरी होते. शिवाय सुकीकाठ ताई नानांच्या आजाराच्या कित्येक वर्षं आधी जन्मल्या.

पांझराकाठ
बरं वाटनं. मना बापले बी असंच व्हयेल व्हतं.

सुकीकाठ
सगळ्यांचं दोनदा वाचलं. नागिणीचं नानांना वाचून दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "म्हणजे मी कोणाचं वाईट केलं म्हणून नाही." मला रडू आलं. आता तेवढं सांगा, पुसता येतं का? आणि काढा?

पेशीवाचक
पुसता येतं, पण अजून बाटलीत मिळत नाही.

दोन गोष्टी सांगते. एक, कुलूप सरसकट लागत नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २००७ मध्ये उंदरांच्या मॅक्रोफेजना जंतूचा तुकडा दोनदा दाखवला. दुसऱ्या वेळी सूज वाढवणारे जीन्स बंदच राहिले, पण जंतू मारणारे बरेच जीन्स उघडे, काही तर आधीपेक्षा जास्त. शरीर घर जळू नये म्हणून चूल विझवतं, पण विळा-कोयता हाताशी ठेवतं. नाना प्रत्येक वेळी बरे झाले, त्यात याचाही हात असू शकतो.

दुसरी, नेदरलँड्समधल्या नाइमेखेनच्या गटाने २०१६ मध्ये माणसांच्या मोनोसाइटना प्रयोगशाळेत असं गप्प केलं आणि मग बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकान दिलं. पेशी पुन्हा बोलायला लागल्या, खुणाही परतल्या. हे पेशींच्या बशीतलं आहे, रुग्णाला देण्याचं औषध नव्हे. याच लोकांनी २०१२ मध्ये दाखवलं होतं, की बीसीजीची लस मोनोसाइटवर 'जागं राहा' अशा खुणा सोडते.

लोको_शेड
आणि त्यावरून कोरोनात बीसीजी घ्या म्हणून केवढा गाजावाजा झाला. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या मोठ्या चाचणीत कोरोना काही कमी झाला नाही, २०२३ मध्ये निकाल आला. खुणा दिसणं वेगळं आणि माणूस वाचणं वेगळं. सेप्सिसमध्ये टीएनएफ अडवणारी औषधंही अशीच मोठ्या आशेने आली आणि पडली.

पेशीवाचक
दादा, एकदम बरोबर. टीएनएफची पडली त्याचं एक कारण हेच असावं असं मला वाटतं, की सगळ्यांना सारखं धरलं. कोणाची आग चालू होती, कोणाची विझून कुलूप लागलं होतं. आधी ओळखायचं आणि मग औषध द्यायचं, ही दिशा आता धरली गेलीय.

काकू_पारोळा
काढ्याचं मी सांगते. आमच्याकडे गुळवेल पिढ्यान्‌पिढ्या घेतात, कोणाला काही झालं नाही. उगाच बिचाऱ्या आईला बोल लावू नका.

वॉर्डातली_ताई
काकू, आईला बोल कोण लावेल? त्या काढा उकळतात ते प्रेमानेच. पण गुळवेल घेणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद आहे. पण नानांच्या पोटात साखरेच्या गोळ्या, नसांच्या गोळ्या आधीच आहेत. इतकी औषधं चालू असताना मी तरी डॉक्टरांना न सांगता रोज देणार नाही. आईच्या हातचं हवं तर मुगाचं वरण, अंडी, दूध द्या, कळण्याच्या भाकरीबरोबर घट्ट दही द्या. १७ दिवसांत मांडीचं मांस गेलेलं असतं, ते परत यायला प्रथिनं लागतात.

आणि फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकॉकसची लस, नागिणीची दोन डोसांची लस आता भारतात मिळते. महाग आहे, डॉक्टरांना कधी द्यायची ते विचारा. साखर ताब्यात. घरात थर्मामीटर. १०१ च्या वर ताप, श्वास जलद, लघवी कमी, बोलण्यात घोळ, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघा आणि दारातच सांगा, 'यांना आधी सेप्सिस झाला होता.'

काकू_पारोळा
दह्याचं चालेल. पण भरीत बंद करू नका हो त्यांचं.

वॉर्डातली_ताई
काकू, भरीत बंद करणारी परिचारिका खान्देशात टिकेल का? तेल मात्र बेतानं.

सुकीकाठ
तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

डॉक्टरांकडे या वेळी कागदावर प्रश्न लिहून नेले. त्यांनी पंधरा मिनिटं दिली. फ्लू आणि न्यूमोकॉकसच्या लसी झाल्या, नागिणीची पुढच्या महिन्यात. काढा आईने स्वतःहून थांबवला, आता अंडी उकडते. आमच्या घरात पहिल्यांदाच अंडी आलीत, वेगळ्या पातेल्यात. नानांना विसरायला होतं, शब्द सापडत नाहीत, ते मी इथे लिहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले सेप्सिसनंतर हेही होतं, आणि घाई करू नका. बाहेरचं झालंय म्हणणाऱ्या शेजारच्या काकांना नानांनीच ओट्यावर बसवून कापसाच्या गाठीचं समजावलं. निम्मं चुकीचं सांगितलं, पण मी मध्ये बोलले नाही.

कालपासून विळ्याला नवी मूठ बसवून द्या म्हणून मागे लागलेत. मी आधी गमबूट आणले.

वॉर्डातली_ताई
गमबूट एक नंबर मोठा घ्या, आत सुती मोजा. साखरेच्या पायाला घासलेलं कळत नाही. संध्याकाळी तळवा तुम्ही स्वतः बघत जा.

सुकीकाठ
घट्टच आणलेत ताई. उद्या फैजपूरला जाऊन बदलून आणते.